मेलवर डोमेनची सही: डीकेआयएम कसं बसवायचं आणि ते कुठं अडतं

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलच्या शेठजींनी बोलावलं तेव्हा त्यांची तक्रार सरळ होती. “मेल पाठवायचा, मग फोन करून सांगायचं की पाठवलाय, जरा स्पॅममध्ये बघा. मग मेलचा उपयोग काय? भाव फोनवरच सांगतो की!” तूरडाळीचे रोजचे भाव, बिलं, गाडी निघाल्याची खबर, सगळं हैदराबाद-चेन्नईच्या व्यापाऱ्यांना मेलनं जायचं. मिलच्या नावाचं डोमेन होतं, पत्ताही झकास होता. फक्त त्या पत्त्यावरून निघणाऱ्या मेलवर सही नव्हती.

मी सहीचं नाव काढल्याबरोबर शेठजींनी ड्रॉवर उघडून डोंगल टेबलावर ठेवलं. “डिजिटल सही आहे ना आपल्याकडं.” ई-टेंडर भरणाऱ्या माणसाकडं हे डोंगल असतंच, म्हणून हा घोळ मला दर दोन-चार महिन्यांनी भेटतो. ती सही माणसाची. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली परवाना असलेली संस्था ती देते, तिला मुदत असते, पैसे पडतात. आपण बोलतोय ती सही डोमेनची. तिचं नाव डीकेआयएम. तिला डोंगल लागत नाही, परवाना लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत. मेल पाठवणारा सर्व्हरच प्रत्येक मेलवर ती करतो.

करतो कशी, ते थोडक्यात. किल्ल्यांची एक जोडी बनते. प्रायव्हेट की सर्व्हरच्या पोटात राहते, पब्लिक की तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या जगाला वाचता येणाऱ्या वहीत, उघडी टांगलेली असते. मेल निघताना सर्व्हर मजकुराचा आणि फ्रॉम, टू, सब्जेक्ट अशा निवडक हेडरचा (मेलच्या माथ्यावरच्या ओळींचा) गणिती ठसा काढतो, त्यावर प्रायव्हेट कीनं सही करतो आणि ती सही मेलच्या डोक्यावर एका जादा हेडरमध्ये चिकटवतो. पोचल्यावर समोरचा सर्व्हर डीएनएसमधून पब्लिक की आणतो आणि पडताळतो. वाटेत मजकुरातला एक आकडा जरी बदलला, ८२०० चे ८३०० जरी झाले, तरी सही फुटते.

दोन गैरसमज इथंच काढून टाका. यानं मेल गुप्त होत नाही, वाचणाऱ्याला तो वाचता येतोच. आणि सही आहे म्हणजे पाठवणारा सज्जन आहे असंही नाही, भामटासुद्धा स्वतःच्या डोमेनची सही करू शकतो. सही एवढंच सांगते की हा मेल या डोमेनच्या जबाबदारीवर निघाला आणि वाटेत बदलला नाही.

याहू आणि सिस्कोनं आपापल्या पद्धती एकत्र करून हे प्रमाण उभं केलं. पहिलं अधिकृत रूप २००७ चं, सध्याचं २०११ चं. पण आपल्याकडच्या छोट्या धंद्यांना त्याची झळ बसली ती फेब्रुवारी २०२४ पासून. गूगल आणि याहूनं तेव्हा नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ (तुमच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारं धोरण) तिन्ही सक्तीचे झाले. बाकी सगळ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवंच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनंही आउटलुकच्या खात्यांसाठी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना असेच नियम लावले. “आमचे तर दिवसाला चाळीसच मेल जातात,” असं म्हणून बसून राहू नका. सही नसलेला चाळिसावा मेलही संशयितच असतो.

आधी हे शोधा: डीएनएस कुणाच्या हातात आहे?

लोक थेट किल्ली बनवायला धावतात. मीही धावलो होतो. त्या मिलचं होस्टिंग एका ठिकाणी होतं, त्याचं सीपॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पॅनेल, माझ्यासमोर उघडं होतं. झोन एडिटरमध्ये, म्हणजे डीएनएसच्या नोंदी भरायच्या पानावर, मी किल्ली झोकात टाकली, तपासलं, दिसेना. डीएनएसला वेळ लागतो म्हणून दीड दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यात प्रकाश पडला: नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, या होस्टिंगचे नव्हतेच. डोमेन जिथून विकत घेतलं होतं तिथलेच नेमसर्व्हर चालू होते. मी ज्या वहीत नोंद केली ती वही जगात कुणी उघडतच नव्हतं. आणि खरी वही जिथं होती, त्या खात्याचं लॉगिन शेठजींच्या भाच्याकडं. त्यानं कॉलेजात असताना वेबसाइट बनवून दिलेली, आता तो पुण्यात, आणि ओटीपी जाणारा नंबर केव्हाच बंद. मिलच्या लेटरहेडवर अर्ज आणि कागदपत्रं देऊन ते खातं ताब्यात घ्यायला आठवडा गेला. सही बसवायला नंतर वीस मिनिटं लागली.

म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहा. डोमेन कुठं नोंदवलंय, नेमसर्व्हर कुठले आहेत, आणि मेल प्रत्यक्ष कुठून निघतो. मराठवाड्यात मी पाहिलेल्या बहुतेक धंद्यांत ही तीन ठिकाणं तीन माणसांच्या हातात असतात, त्यातला एक फोन उचलत नाही.

नेमसर्व्हर बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये असं टाका. मी इथं देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं:

एनएसलुकअप -टाइप=एनएस आमचीमिल.इन

उत्तरात जी नावं येतील त्यांच्या मालकाच्या पॅनेलमध्येच पुढची सगळी कामं होणार. दुसरीकडं कुठंही टाकलेलं वाया.

मेल कुठून निघतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मेलबॉक्सचा सर्व्हर तर असतोच. शिवाय वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म होस्टिंगच्या सर्व्हरवरून पाठवत असतो. टॅलीतून बिलं जातात ती टॅलीत ज्या खात्याची सेटिंग भरली असेल त्या सर्व्हरवरून. क्लासवाल्यांकडं पालकांना एकगठ्ठा सूचना पाठवणारी वेगळी सेवा असते. लातुरात क्लासेस किती, ते सांगायला नको. यातला प्रत्येक पाठवणारा आपापली सही करतो, म्हणून प्रत्येकाची किल्ली वेगळी टांगावी लागते. आणि ती टांगता येते: प्रत्येक किल्लीला ‘सिलेक्टर’ नावाचं लेबल असतं, लेबलं वेगळी असली की एका डोमेनवर हव्या तेवढ्या किल्ल्या सुखानं नांदतात. एसपीएफचं मात्र उलट आहे, त्याचा रेकॉर्ड डोमेनवर एकच हवा.

किल्ली बनवणं

सीपॅनेलच्या होस्टिंगवरच मेल असेल तर ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ नावाचं पान उघडा. डोमेनसमोर अडचण असल्याचं दिसेल. नेमसर्व्हर त्याच होस्टिंगचे असतील तर ‘रिपेअर’ दाबा, काम झालं. नसतील तर ‘मॅनेज’मध्ये जा. तिथं रेकॉर्डचं नाव आणि किंमत दोन्ही तयार दिलेली असतात, ती उचलून खऱ्या डीएनएसमध्ये न्यायची. इथला सिलेक्टर ‘डिफॉल्ट’ असतो.

गूगल वर्कस्पेस असेल तर ॲडमिन कन्सोलमध्ये ॲप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, ‘ऑथेंटिकेट ईमेल’ या वाटेनं जा. नवा रेकॉर्ड बनवताना २०४८ बिट निवडा, सिलेक्टर ‘गूगल’च राहू द्या. खातं नुकतंच सुरू केलं असेल तर किल्ली बनवायला २४ ते ७२ तास थांबावं लागतं. रेकॉर्ड डीएनएसमध्ये टाकल्यावर परत याच पानावर येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचं असतं. हे बटण विसरणारे मी इतके पाहिलेत की कुणी “गूगलवर सही होत नाही” म्हणालं की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किल्ली तुमच्या हातात देतच नाही. डिफेंडर पोर्टलमधल्या डीकेआयएमच्या पानावर दोन सीनेम रेकॉर्ड मिळतात, सिलेक्टर१ आणि सिलेक्टर२. ते फक्त बोट दाखवतात, किल्ली मायक्रोसॉफ्टच्या घरी राहते आणि तिथंच बदलली जाते. पोर्टल दाखवतं तेच कॉपी करा. जुन्या लेखांतला नमुना बघून हातानं बनवू नका, तो नमुना बदललाय. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असतील तर या सीनेमसमोरचा नारिंगी ढग बंद ठेवा.

झोहोमध्ये ॲडमिन कन्सोल, डोमेन्स, ईमेल कॉन्फिगरेशन, डीकेआयएम. सिलेक्टरचं नाव तुम्ही द्यायचं, रेकॉर्ड टाकून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ दाबायचं.

किल्लीच्या लांबीवरून एक किस्सा. २०१२ साली झॅकरी हॅरिस नावाच्या अमेरिकन गणितज्ञाच्या ध्यानात आलं की खुद्द गूगल ५१२ बिटांच्या किल्लीनं सही करतंय. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर सुमारे ७२ तासांत, साधारण ७५ डॉलर खर्चून, ती फोडता येत होती. त्यानं ती फोडली आणि गूगलच्या संस्थापकांच्या नावानं मेल पाठवून दाखवला. २०१८ पासून १०२४ पेक्षा लहान किल्ली प्रमाणात बसतच नाही, आणि शिफारस २०४८ ची आहे. पॅनेलनं १०२४ सुचवलं तरी २०४८ घ्या.

रेकॉर्ड टाकणं

टीएक्सटी प्रकारचा, म्हणजे साधा मजकूर ठेवणारा, रेकॉर्ड. नावात सिलेक्टर, मग टिंब, मग ‘_डोमेनकी’. किमतीत हे:

व्ही=डीकेआयएम१; के=आरएसए; पी=(इथं लांबलचक किल्ली)

एवढ्याशा कामात तीन खड्डे आहेत. पहिला नावाचा. बहुतेक पॅनेल नावापुढं डोमेन आपोआप जोडतात. तुम्ही ‘डिफॉल्ट._डोमेनकी.आमचीमिल.इन’ असं पूर्ण टाकलंत तर खरा रेकॉर्ड ‘डिफॉल्ट._डोमेनकी.आमचीमिल.इन.आमचीमिल.इन’ असा बनतो. पॅनेलमध्ये सगळं ठीक दिसतं, बाहेर काहीच सापडत नाही. आधीचा एखादा चालू रेकॉर्ड बघा, त्यात डोमेन लिहिलंय की नाही, आणि तसंच करा.

दुसरा खड्डा लांबीचा. डीएनएसच्या टीएक्सटीमध्ये एका तुकड्यात २५५ अक्षरं मावतात, २०४८ बिटांची किल्ली त्याहून बरीच लांब, चारशेच्या आसपास. चांगली पॅनेल स्वतः तुकडे पाडतात. जुनी पॅनेल एक तर चूक दाखवतात, नाही तर शेपूट गुपचूप कापतात. तशा वेळी किल्लीचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणात द्यायचा, मध्ये एक मोकळी जागा, एकाच रेकॉर्डमध्ये. दोन वेगळे रेकॉर्ड करायचे नाहीत.

तिसरा खड्डा आपण स्वतः खणतो. होस्टिंगवाला किल्लीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि इकडचा पोरगा बघून टाइप करतो. चारशे अक्षरं, त्यात मोठा आय, लहान एल आणि एक, ओ आणि शून्य. नाही जमत, कुणालाच नाही. मजकूर म्हणून मागवा, तोही वर्डमध्ये न चिकटवता थेट पॅनेलमध्ये.

कुणी हौसेनं .भारतचं देवनागरी डोमेन घेतलं असेल तर डीएनएसमध्ये त्याचं ‘एक्सएन’नं सुरू होणारं रूप वापरावं लागतं, देवनागरी नाव तिथं चालत नाही.

आता थांबा. गूगल ४८ तासांपर्यंत म्हणतं, माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तासाभरात दिसतं. एक बारकी गोष्ट मात्र उपयोगी पडेल: रेकॉर्ड टाकण्याआधीच “आला का, आला का” म्हणून तपासत बसलात तर ‘नाही’ हे उत्तरसुद्धा काही काळ साठवून ठेवलं जातं, आणि रेकॉर्ड आल्यावरही तुम्हाला जुनंच ‘नाही’ मिळत राहतं. आधी टाका, मग विचारा.

तपासणी

स्वतःच्या साध्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि कॉम्प्युटरवर उघडा, फोनच्या ॲपमध्ये हे दिसत नाही. उजवीकडच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ आहे. वर तीन ओळी दिसतील: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, आणि समोर पास किंवा फेल. पण तेवढ्यावर खूश होऊ नका, खाली जाऊन हा हेडर शोधा:

डीकेआयएम-सिग्नेचर: व्ही=१; ए=आरएसए-शा२५६; सी=रिलॅक्स्ड/रिलॅक्स्ड; डी=आमचीमिल.इन; एस=डिफॉल्ट; एच=फ्रॉम:टू:सब्जेक्ट:डेट; बीएच=…; बी=…

‘बीएच’ म्हणजे मजकुराचा ठसा, ‘बी’ म्हणजे खरी सही, ‘एस’ म्हणजे सिलेक्टर. ‘सी’समोर रिलॅक्स्ड असलं की वाटेत एखादी मोकळी जागा इकडची तिकडं झाली तरी सही टिकते. पण सगळ्यात आधी नजर ‘डी’वर गेली पाहिजे. तिथं तुमचंच डोमेन आहे का? गूगल वर्कस्पेसवर तुम्ही स्वतःची किल्ली चालू केली नसेल तरी गूगल आपल्या ‘गॅपएसएसएमटीपी’ नावाच्या डोमेननं सही करतं. मायक्रोसॉफ्ट तसंच ‘ऑनमायक्रोसॉफ्ट’नं. डीकेआयएम पास दिसतं, पण सही दुसऱ्याची. लेटरहेड आपलं आणि शिक्का शेजारच्या दुकानाचा, अशातला प्रकार. फ्रॉममधलं डोमेन आणि ‘डी’मधलं डोमेन जुळलं तरच डीमार्क ती सही मोजतो.

शेठजींसारख्या माणसाला हेडर वाचायला लावू नका. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालच्या बारीक बाणावर टिचकी मारली की ‘साइन्ड बाय’ दिसतं. तिथं आपलं नाव दिसलं की झालं.

फेल आलं तर निदान असं. ‘नो की’ म्हणत असेल तर वरचे खड्डे परत बघा: नेमसर्व्हर, नाव, सिलेक्टर. ‘बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय’ म्हणत असेल तर सही झाल्यावर कुणीतरी मजकुराला हात लावलाय. बहुतेक वेळा तो अँटिव्हायरस असतो, नाही तर “हा मेल गोपनीय आहे” अशी शेपटी जोडणारा गेटवे. ती शेपटी सहीच्या आधी जोडायची व्यवस्था करा, किंवा काढून टाका. मी काढून टाकतो, ती वाचून आजवर कुणी मेल परत केलेला ऐकला नाही. किल्ली सापडते पण सही जुळत नाही, अशा वेळी बहुधा किल्ली अर्धी कापली गेलीय किंवा मेलचं ठिकाण बदलल्यावर जुनीच किल्ली टांगलेली राहिलीय.

वेबसाइटच्या फॉर्मचं दुखणं वेगळं सांगतो, कारण चौकश्या तिथूनच येतात आणि तिथंच हरवतात. बरेच फॉर्म चौकशी करणाऱ्याचाच पत्ता फ्रॉममध्ये घालून मेल पाठवतात. म्हणजे तुमचा होस्टिंग सर्व्हर जीमेलच्या पत्त्यावरून बोलतोय असं सोंग करतो, आणि जीमेलची सही त्याला करता येत नाही. फ्रॉममध्ये आपलाच पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये घाला, आणि फॉर्मला एसएमटीपी प्लगइन (मेलबॉक्सच्या सर्व्हरमार्फत मेल पाठवणारी जोडणी) लावून आपल्या खऱ्या मेलबॉक्समधून पाठवा. मग सही आपोआप होते.

एसपीएफ असताना ही सही कशाला?

एसपीएफ कुठल्या सर्व्हरवरून मेल निघाला ते बघतं. व्यापाऱ्यानं आपला ऑफिसचा मेल घरच्या खात्यावर फॉरवर्ड करून ठेवला असेल, आणि बरेच जण ठेवतात, तर शेवटच्या टप्प्यात पाठवणारा सर्व्हर त्याचा होतो आणि एसपीएफ फसतं. सही मेलच्या अंगावरच असते, मजकूर न बदलता पुढं गेला की तीही पुढं जाते. तरी एसपीएफ ठेवाच, त्यात दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या लागणार नाहीत एवढं बघा.

मग डीमार्क. ‘_डीमार्क’ नावाचा टीएक्सटी रेकॉर्ड, सुरुवातीला धोरण ‘नन’ (काही अडवू नका, फक्त कळवा) आणि अहवाल यायला एक पत्ता. अहवाल झिप करून येतात, वाचायला कंटाळवाणे असतात, पण पहिले दोन-तीन आठवडे वाचाच. विसरलेला पाठवणारा त्यातच सापडतो. मिलच्या अहवालात धर्मकाट्यावरच्या कॉम्प्युटरमधलं वजनाच्या पावत्या पाठवणारं सॉफ्टवेअर निघालं, ते कुणाच्या यादीत नव्हतं. सगळे पाठवणारे सही करायला लागले की धोरण ‘क्वारंटाइन’ (न जुळणारा मेल स्पॅममध्ये) करा. घाईघाईनं ‘रिजेक्ट’ केलंत तर स्वतःचीच बिलं अडवून बसाल.

किल्ली बदलणं

सहीला मुदत नाही, म्हणून लोक किल्ली कायमची विसरतात. होस्टिंग सांभाळणारा माणूस बदलला, सर्व्हर हॅक झाला, तर ती लगेच बदला. एरवी वर्षातून एकदा पुरे. पद्धत अशी की जुन्या किल्लीला हात न लावता नव्या सिलेक्टरनं नवी किल्ली टांगा, ती बाहेरून दिसायला लागली की सर्व्हरला नव्या किल्लीनं सही करायला सांगा, आणि जुनी आठवडाभर तशीच राहू द्या, वाटेत अडकलेले मेल असतात. मग जुन्या रेकॉर्डमधलं ‘पी=’ रिकामं करा. रिकामं ‘पी’ म्हणजे ही किल्ली रद्द. जुनी किल्ली चोरीला गेली असेल तर मात्र आठवडा थांबू नका.

शेठजींच्या गादीवर भावांची लाल वही असते. तिच्या शेवटच्या पानावर आम्ही लिहून ठेवलं: डोमेन कुठं, नेमसर्व्हर कुठं, ओटीपी कुणाच्या फोनवर, सिलेक्टर कोणते. रिन्यूची तारीख जानेवारीतली निघाली. त्या दिवसांत नवी तूर बाजारात येते आणि मिलमध्ये कुणाला जेवायची शुद्ध नसते. डोमेन बंद पडलं तर किल्ल्याही त्याच्याबरोबर गायब होणार, म्हणून पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाकले.